डॉर्टमुंडला निघालेल्या तासगावच्या मुलीसाठी: आधी पास, मग खोली, मग बाकीचं सगळं

तासगावच्या एका मुलीनं विचारलंय. वालचंदमधून इंजिनिअरिंग झालं, चारही वर्षं तासगाव-सांगली एसटीचा पास काढून कॉलेज केलं, आता ऑक्टोबरपासून जर्मनीत डॉर्टमुंडच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स सुरू होतंय. घरचे म्हणतात खोली युनिव्हर्सिटीच्या दारातच घे, मैत्रिणी म्हणतात लांब घे, भाडं वाचेल. युरोपभर चालणारा रेल्वेचा पास इथूनच काढून न्यावा का? लांबच्या प्रवासाला फ्लिक्सबस बरी की रेल्वे? महिन्याला प्रवासासाठी किती पैसे धरायचे? आणि चुलतभाऊ मँचेस्टरला चाललाय, त्यालाही हेच सगळं लागू पडतं का?

मी त्याच भागात बरीच वर्षं नोकरी केली. घर हामला, ऑफिस एसेनला, मधे रोजची रेल्वे. आता सांगलीत असते आणि जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींची जाण्याआधीची तयारी करून घेते. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात, आणि प्रत्येक वेळी मला एकच गोष्ट आधी सांगाविशी वाटते: तिथं प्रवासाचा खर्च तिकीट काढताना ठरत नाही, खोली घेताना ठरतो. मुलं महिनोन्महिने स्वस्त तिकिटांच्या जाहिराती बघत बसतात आणि खोली मात्र फोटो बघून एका संध्याकाळी पक्की करतात. याच्या बरोबर उलट करायला हवं.

आधी हिशेब बघू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ हातात येतात. भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरतं ते मोजकं असतं. यात प्रवासाचा आकडा ठरलेला असेल, कमी-जास्त होणारा नसेल, तरच महिना नीट लागतो. तसा ठरलेला आकडा तिथं मिळतो, आणि तो मिळवून देतं डॉइचलांड-टिकेट.

२०२२ च्या उन्हाळ्यात जर्मन सरकारनं जून ते ऑगस्ट तीन महिने ९ युरोंत महिनाभर देशभर फिरायचं तिकीट दिलं होतं. लोकांनी ते इतकं उचलून धरलं की त्यातूनच १ मे २०२३ पासून कायमचा मासिक पास आला. तेव्हा तो ४९ युरोंना होता, जानेवारी २०२५ पासून ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. आपल्या एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासची कल्पना तुला आहेच, चार दिवस किंवा सात दिवस, महामंडळाच्या गाडीनं कुठंही. हे तसंच, फक्त महिनाभरासाठी, आणि त्यात गावातली बस, ट्राम, भुयारी रेल्वे, लोकल आणि गावोगाव थांबणाऱ्या प्रादेशिक रेल्वेगाड्या, सगळं येतं. डॉर्टमुंडमध्ये ज्या पासवर सिटी बसनं बाजारात गेलीस, त्याच पासवर रविवारी हॅम्बर्गलाही जाता येईल, वेळ असेल तर.

काय चालत नाही तेही पक्कं लक्षात ठेव. आयसीई, आयसी, ईसी या जलद गाड्या यात नाहीत. फ्लिक्सबस नाही, फ्लिक्सट्रेन नाही. पहिला वर्ग नाही. सायकल सोबत न्यायची तर तिचं तिकीट वेगळं. ज्या गाडीच्या नंबराआधी आरई, आरबी किंवा एस असतं ती आपली. रेल्वेच्या मोबाईल अॅपमध्ये शोधताना फक्त या पासवर चालणाऱ्या गाड्या दाखवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेव. नाहीतर अॅप सरळ आयसीई पुढे करतं, घाईत माणूस चढतो, आणि पास खिशात असूनही विनातिकीट ठरतो.

विद्यार्थ्यांना हा पास आणखी स्वस्त पडतो. ज्या विद्यापीठांनी करार केलाय तिथं सगळ्या विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर फीमध्येच तो धरलेला असतो आणि मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत मिळतो. सहा महिन्यांचे पैसे एकदम जातात, म्हणून फी बघून घरच्यांना धक्का बसतो. पण त्या रकमेत प्रवासाचा वाटा किती हे फीच्या तपशिलात लिहिलेलं असतं, ते वडिलांना दाखव. तो वाटा तिथं दिसला तर वेगळा पास काढू नकोस. दोन्हींचे पैसे भरणारी मुलं दरवर्षी भेटतात.

आता इथं एक बारकावा आहे, त्यात खूप जणांचे पैसे जातात. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे सेमिस्टरचा पासही तेव्हापासूनच चालतो. तू सप्टेंबरच्या मधे पोचणार. मधले दोन-तीन आठवडे काय करायचं? त्या दिवसांत पत्ता नोंदवणं, बँक, विमा, खोल्या बघणं, अशी खरी धावपळ असते. एकेरी तिकीट तीन युरोंच्या वर जातं, म्हणजे जाऊन-येऊन साडेसहा-सात. महिन्यात नऊ-दहा दिवस बाहेर पडलीस तरी ६३ युरो वसूल. पण साधा डॉइचलांड-टिकेट ही वर्गणी आहे, दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. बंद करायची तर बहुतेक ठिकाणी त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. तू १५ सप्टेंबरला पास घेतलास तर सप्टेंबरची १० तारीख उलटून गेलेली असते. मग ऑक्टोबरचेही ६३ कापले जातात, जेव्हा तुझ्या हातात सेमिस्टरचा पास आलेला असतो. म्हणून १० च्या आधी पोचत असशील तर पास घे आणि त्याच दिवशी रद्द केल्याचंही कळवून टाक, महिनाअखेरपर्यंत तो चालतोच. दहानंतर पोचत असशील तर किती दिवस फिरायचं आहे ते आधी मोज. चार-पाच दिवसांचंच काम असेल तर सुटी तिकिटं काढून भागव, रोजच फिरायचं असेल तर दुसऱ्या महिन्याचे पैसे धरूनच पास घे.

कुठल्याही स्टेशनवर फाटक नाही, तिकीट दाखवून आत सोडणारं कोणी नाही. सरळ फलाटावर जाता येतं. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की इथं कोणी बघत नाही. बघतात. साध्या कपड्यातली माणसं डब्यात उठून उभी राहतात आणि तिकीट मागतात. नसेल तर ६० युरो दंड. ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकून घेत नाही, आणि जाणूनबुजून विनातिकीट जाणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. परक्या देशात राहण्याचा परवाना घेऊन गेलेल्या मुलीनं या वाटेला अजिबात जाऊ नये. पास मोबाईलमध्ये असला तर फोनची बॅटरी संपली म्हणजे पास संपला, हेही धरून चाल. पॉवर बँक बॅगेत कायम. पासवर नाव असतं, म्हणून पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड जवळ हवंच. आणि कागदी तिकीट घेतलंस तर बऱ्याच शहरांत ते फलाटावरच्या किंवा बसमधल्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही.

आता खोली. माझं सगळ्यात जास्त म्हणणं याबद्दलच आहे.

विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळत असेल तर दुसरा विचार करू नकोस, घे. प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशीच अर्ज टाक, कारण यादी लांब असते. ते जमलं नाही तर मग ‘युनिव्हर्सिटीच्या दारात की लांब’ हा प्रश्न येतो. घरच्यांची काळजी मला कळते. पण त्यांच्या डोक्यातलं ‘लांब’ आणि तिथलं ‘लांब’ वेगळं आहे. पास देशभर चालतो म्हटल्यावर पाच किलोमीटरवर राहिलीस काय आणि तीस किलोमीटरवर राहिलीस काय, प्रवासाचा खर्च तोच. फरक फक्त वेळेचा आणि भाड्याचा. किर्लोस्करवाडी, भिलवडी, ताकारीहून पॅसेंजरनं सांगली-मिरजेला अपडाऊन करणारी माणसं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत. घर गावाकडं, नोकरी शहरात, आणि दोन्हींना जोडणारी एक गाडी, जिची वेळ घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. तूही तासगावला राहूनच विश्रामबागेतलं कॉलेज केलंस. म्हणजे या कामाची सवय तुला आहे, घाबरायचं कारण नाही.

पण नकाशावर किलोमीटर मोजू नकोस. मोजायचं असतं ते वेगळं. दारापासून फलाटापर्यंत पायी किती मिनिटं? तिथून युनिव्हर्सिटीपर्यंत गाडी बदलावी लागते का? तासाला गाड्या किती? रात्रीची शेवटची कधी? आणि रविवारी काय? यातलं गाडी बदलणं मी सगळ्यात वर ठेवते. थेट गाडीनं चाळीस मिनिटं बसून जाणं हे मधे एकदा बदलून पंचवीस मिनिटांत पोचण्यापेक्षा रोजच्या जगण्यात बरं. पहिली गाडी सहा मिनिटं उशिरा आली की दुसरी डोळ्यांसमोरून जाते, आणि डिसेंबरात उघड्या फलाटावर अर्धा तास उभं राहायची वेळ येते.

तुझ्याच युनिव्हर्सिटीचं उदाहरण घे. कॅम्पसच्या खालीच ‘डॉर्टमुंड उनिव्हर्सिटेट’ नावाचं लोकलचं स्टेशन आहे, एस १ वर. हीच एस १ पुढे बोखुमला आणि तिथून एसेनला जाते. म्हणजे बोखुममध्ये स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली मिळाली, तर तू दुसऱ्या शहरात राहूनही गाडी न बदलता वर्गात पोचतेस. डॉर्टमुंडमध्येच पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस आणि मग लोकल अशी खोली घेणाऱ्या मुलीला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. आता उना हे डॉर्टमुंडशेजारचं गाव बघ. तिथून एस ४ येते, पण ती डॉर्टमुंडच्या मुख्य स्टेशनला जातच नाही. डॉर्स्टफेल्डला उतरून एस १ धरायची. हे माहीत असेल तर उना वाईट नाही. माहीत नसलेली मुलगी मुख्य स्टेशनला जाणारी दुसरी गाडी शोधत बसते आणि उना गैरसोयीचं म्हणून सोडून देते. हामहून आरई १ किंवा आरई ३ नं डॉर्टमुंड मुख्य स्टेशन, तिथं एस १. बदल एकच, पण रोजचा.

खोलीची जाहिरात आली की त्या घराचा पत्ता अॅपमध्ये टाकायचा आणि तीन वेळा शोधायचं: मंगळवारी सकाळी आठचा वर्ग गाठायला, शनिवारी रात्री साडेअकराला परतताना, आणि रविवारी दुपारी. मंगळवारची उत्तरं जवळपास सगळ्याच खोल्यांची चांगली येतात. खोली कशी आहे ते रविवारच्या आणि रात्रीच्या उत्तरात कळतं. रविवारी दुकानं बंद असतात, गाड्या विरळ होतात, आणि स्टेशनपासून पुढची बस तासाला एक किंवा तीही नाही असं असेल, तर ते घर हिवाळ्यात एकटीला जड जातं. लायब्ररीतून रात्री उशिरा यायचं झालं तर स्टेशन ते घर हा रस्ता उजेडाचा आहे का, मधे वस्ती आहे का, तेही नकाशातल्या फोटोंवर बघून घे. या एका गोष्टीसाठी भाडं थोडं जास्त द्यावं लागलं तर द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुझ्या आईचंही तेच असेल.

तिथलं वेळापत्रक आपल्यासारखं लक्षात ठेवावं लागत नाही. बहुतेक गाड्या दर तासाला किंवा अर्ध्या तासाला त्याच मिनिटाला सुटतात. तुझी गाडी आठ सतराला असेल तर नऊ सतरालाही असते, दहा सतरालाही. ‘सतरा’ एवढं पाठ केलं की झालं. त्यामुळे वर्ग लांबला, दुकानात वेळ गेला, तरी फोन न काढता आपल्याला कळतं की आता पळायचं की सावकाश जायचं.

एक मात्र खरं, गाड्या वेळेवर असतात अशी जी ख्याती आपल्याकडे आहे, ती आज तितकी खरी राहिलेली नाही. जुने मार्ग दुरुस्तीला काढलेत आणि ते काम महिनोन्महिने चालतं. फ्रँकफुर्ट ते मानहाइम हा मोठा मार्ग २०२४ मध्ये जुलै ते डिसेंबर पूर्ण बंद ठेवून नवा केला. अशा वेळी रेल्वेऐवजी बस सोडतात, त्यावर ‘एसईव्ही’ असं लिहिलेलं असतं. ती स्टेशनच्या कुठल्या बाजूनं सुटते ते शोधायलाच दहा मिनिटं जातात. परीक्षेच्या दिवशी, व्हिसा ऑफिसच्या भेटीच्या दिवशी एक गाडी आधीची धरायची. संप असला की आदल्या एक-दोन दिवशी बातमी येते, ती बघत जा.

लांबच्या प्रवासाचं शास्त्र वेगळं. म्युनिक, बर्लिन, फ्रँकफुर्ट ही अंतरं पासवर जाता येतात, पण चार-पाच गाड्या बदलत दिवस घालवावा लागतो. सुट्टीत मैत्रिणी मिळून, वेळ मुबलक असताना मजा येते. दुसऱ्या दिवशी मुलाखत असेल तर नको. तेव्हा आयसीईचं सवलतीचं तिकीट काढायचं, स्पारप्राइस किंवा त्याहून स्वस्त सुपर स्पारप्राइस. ही तिकिटं विमानासारखी, लवकर काढली की स्वस्त आणि जागा भरत गेल्या की महाग. मंगळवार-बुधवारी, दुपारच्या वेळी स्वस्त मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी संध्याकाळी नाही, तेव्हा अख्खा जर्मनी घरी जात-येत असतो. या तिकिटावर तीच गाडी पकडावी लागते, आधीची-नंतरची चालत नाही, आणि सुपर स्पारप्राइस रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. तारीख पक्की असेल तरच ते घे.

उशीर झाला तर मात्र कायदा तुझ्या बाजूनं आहे. ठरलेल्या ठिकाणी वीस मिनिटांहून जास्त उशिरा पोचणार असं दिसलं की एकाच गाडीचं बंधन सुटतं, त्यानंतरची दुसरी गाडी धरता येते. तास किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. अर्ज अॅपमधूनच होतो. आपली मुलं हे मागत नाहीत, संकोच करतात. मागायचं. तो हक्काचा पैसा आहे.

पास आणि आयसीई यांची जोडी लावून आणखी वाचवता येतं. डॉर्टमुंड ते कोलोन पासवर आणि तिथून पुढे आयसीई, असं केलं की आयसीईचं तिकीट कधीकधी बरंच कमी पडतं. पण ही दोन वेगळी तिकिटं आहेत. पासवरची गाडी उशिरा आली आणि आयसीई निघून गेली, तर बंधन सुटेल याची खात्री धरू नकोस. मधे निदान तासभर ठेव.

बानकार्ड २५ म्हणून सवलतीचं कार्ड असतं, त्यावर स्पारप्राइसवरही २५ टक्के सूट मिळते. सत्तावीसच्या आतल्यांना ते स्वस्तात मिळतं. वर्षात तीन-चार वेळा लांब जाणार असशील तर घे. हेही आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून घेतल्या दिवशीच रद्द करायची तारीख फोनमध्ये टाकून ठेव. बानकार्ड ५० विद्यार्थ्याला सहसा लागत नाही, कारण त्याचा खरा फायदा पूर्ण भाड्याच्या तिकिटावर आहे आणि ते आपण काढत नाही.

बर्लिनहून परत येताना एक गोष्ट नक्की लक्षात ठेव. त्या बाजूनं येणारी आयसीई बऱ्याचदा हामला दोन तुकड्यांत सुटते. एक तुकडा डॉर्टमुंड, एसेन, ड्युसेलडोर्फकडे जातो, दुसरा हागेन, वुपर्टालवरून कोलोनकडे. चढताना डबा बघून चढायचं. प्रत्येक डब्याच्या दाराशी आणि आत छताजवळच्या पाटीवर तो डबा कुठं जाणार ते लिहिलेलं असतं. झोपून राहिलेली मुलगी डॉर्टमुंडऐवजी हागेनला उतरते. तिथून पासवर परत येता येतं, घाबरायचं नाही, पण रात्री बाराला ते नको असतं.

फ्लिक्सबसबद्दल: २०१३ च्या सुरुवातीला जर्मनीत लांब पल्ल्याच्या बसवरची जुनी बंधनं उठली, तेव्हापासून ही सेवा वाढली. ऐनवेळी निघायचं असेल, सामान जास्त असेल, तर रेल्वेपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. मी तिला कधी नावं ठेवत नाही. फक्त थांबा कुठं आहे ते तिकीट काढायच्या आधी नकाशावर बघ. कोलोनचंच घे. शहराच्या मध्यातून या बस २०१५ मध्ये हलवल्या आणि विमानतळावर नेल्या. तिकिटावर कोलोन वाचून मुख्य स्टेशनवर उभं राहिलं तर बस येत नाही. काही गावांत थांबा हायवेजवळच्या पार्किंगमध्ये असतो. दिवसा चालेल, पण पहाटे चारला तिथं एकटीनं उतरू नये. रात्रीच्या बसनं जायचं असेल तर पोचायची वेळ सहानंतरची आणि थांबा स्टेशनला लागून असलेला, एवढ्या दोन अटी पाळ.

स्वस्त विमानांची हीच अडचण. ‘फ्रँकफुर्ट हान’ हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. वीस युरोंचं विमान आणि वर तिथं पोचायचा खर्च व अर्धा दिवस.

पहिल्या दिवशी विमान शक्य तर ड्युसेलडोर्फचं घे. तिथल्या विमानतळाच्या स्टेशनवरून आरई १ थेट डॉर्टमुंडला येते, दोन मोठ्या बॅगा घेऊन गाडी बदलायला नको. फ्रँकफुर्टला उतरणार असशील तर एकाच गाडीला बांधलेलं स्वस्त तिकीट विमान उतरल्यावर तासाभरातल्या गाडीचं काढू नकोस. पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, विमानाचा उशीर, यात ते वाया जातं. तीन तास तरी ठेव.

युरोपभर चालणारा पास इथून नेऊ नकोस. आपल्याकडे ज्याची जाहिरात होते तो युरेल, आणि तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. तू तिथली रहिवासी झालीस की तुझ्यासाठी इंटररेल, १९७२ पासून चालू असलेला. पासपोर्ट भारताचा असला तरी चालतो, राहण्याचा पुरावा युरोपातला लागतो. सत्तावीसपर्यंतच्यांना सवलत आहे. पण ज्या देशात राहतेस त्या देशात इंटररेल एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला एवढाच चालतो. फ्रान्स, इटली, स्पेनच्या जलद गाड्यांना वर आरक्षणाचे पैसे द्यावे लागतात. म्हणून पहिल्या वर्षी तो घेऊच नये असं मी म्हणते. दोन-तीन आठवड्यांत पाच-सहा देश करायचे ठरलं तर मग घे.

त्याआधी शेजारचं बघ. नेदरलँड्समधल्या व्हेनलोपर्यंत आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत प्रादेशिक गाडीनं गेलं तर डॉइचलांड-टिकेट चालतो. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, परक्या पाहुण्यालाही. जर्मनीतल्या ट्रियरहून सरहद्द ओलांडली की झालं. सरहद्दीवर गाडी थांबत नाही, पण पोलीस डब्यात येऊन कागद बघतात. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेव, झेरॉक्स नाही, मूळ प्रत. त्या कार्डावर शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, दुसऱ्या देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं.

चुलतभावाचं थोडक्यात सांगते. इंग्लंडला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तिथं देशभराचा असा मासिक पास नाही. त्यानं पोचल्याबरोबर १६-२५ रेलकार्ड काढावं, रेल्वेच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. वय सव्वीसच्या पुढं असेल तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं. सकाळच्या गर्दीच्या वेळेत मात्र किमान भाड्याची अट असते. बसचं एकेरी भाडं इंग्लंडमध्ये सरकारनं बांधून दिलंय, जानेवारी २०२३ पासून ते जास्तीत जास्त २ पौंड होतं, जानेवारी २०२५ पासून ३ पौंड. लांब जायला कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, हीच तिथल्या विद्यार्थ्यांची गाडी. आणि तिथं पास देशभर चालत नसल्यामुळे खोली लांब घेतली की रोजचा प्रवास खरंच महाग पडतो. त्याला मी युनिव्हर्सिटीच्या जवळच राहा असं सांगेन.

महिन्याला किती धरायचे, याचं उत्तर आता सोपं आहे. पासची रक्कम, आणि त्यावर लांबच्या प्रवासासाठी पंधरा-वीस युरो दर महिन्याला बाजूला. ते साठवत गेलीस की सेमिस्टरअखेर एक-दोन मोठे प्रवास निघतात. टॅक्सी यात धरलेली नाही. खोली नीट निवडलीस तर ती लागणारही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई-वडील भेटायला आले तर डॉइचलांड-टिकेट त्यांनाही घेता येतो, तिथं राहत असण्याची अट नाही. महिनाभर राहणार असतील तर दोघांचे दोन पास पहिल्या तारखेपासूनचे काढ आणि दहाच्या आत रद्द केल्याचं कळव. पास कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणं चालतो, म्हणून त्यांचं विमान महिन्याच्या मधलं काढलंत तर दोन महिन्यांचे पैसे पडतील. तिकिटं बुक करायच्या आधी वडिलांना एवढं सांगून ठेव.